काकांनी हात धुतले होते

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. सहा वर्षं झाली. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी रॉकेटचं इंजिन बनवलं होतं. घरगुतीच म्हणा — वीतभर लांबीचं, अल्कोहोल आणि ऑक्सिजनवर चालणारं. ते आकाशात जाणार नव्हतंच. स्टँडला आवळून पाच सेकंद पेटवायचं, एवढीच आमची झेप. पण कागदावर इंजिन काढणं वेगळं आणि तांबं कातणं वेगळं. ते कातलं सावंतकाकांनी. मरोळच्या एका गाळ्यात लेथवर धातू कातणारे ते टर्नर होते, मूळचे मालवणकडचे. माप घेण्याआधी बोटाने चाचपून म्हणायचे, अजून केसभर काढायला हवं. ते बरोबरच निघायचं. स्वतःचं काम संपलं की आमचं घ्यायचे. मला 'चेडवा' म्हणायचे, म्हणजे पोरी.

माझ्याकडे सफाई होती. हसू नका. ऑक्सिजनच्या वाटेत तेल राहिलं तर ते भडकतं. म्हणून नळ्यांचा प्रत्येक जोड धुवायचा, वाळवायचा, पांढऱ्या फडक्याने पुसून बघायचा, आणि यादीत त्याच्यापुढे सही करायची. मी इतकी कडक होते की बाकीचे तिघे मला सासूबाई म्हणत.

चाचणी दसऱ्याला ठेवली, कारण त्या दिवशी गाळ्यांत काम नसतं, नुसती यंत्रांची पूजा. आदल्या संध्याकाळी ऑक्सिजनच्या नळीचा एक जोड गळतोय असं दिसलं. दुकानातून नवा आणला — चांगला तेलकट होता. आणि मला बोरिवलीला गरब्याला जायचं होतं. नवरात्रातला शेवटचा गरबा, चणियाचोळी पिशवीत तयार. काय सांगू? — मी तो जोड रुमालाने पुसला. बसवला. यादीत सही केली.

एवढंच असतं तर आतापर्यंत बोलले असते. खरंच बोलले असते का? जाऊ दे.

दसऱ्याच्या सकाळी काका वाटीत तेल आणि हळदकुंकू घेऊन आले. लेथला तेलाचं बोट लावलं, झेंडूची माळ घातली, आम्ही फोटो काढले. मग आमच्या इंजिनाकडे बघून त्यांनी मला विचारलं, ह्यालाही लावू का? मी नको म्हटलं, का ते समजावलं. ते रागावले नाहीत. मोरीवर गेले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि स्टँडच्या पायाशी फक्त एक झेंडूचं फूल ठेवलं. बाकीचे बाहेर वाळूच्या गोणी रचत होते. बघणारी मी एकटी.

ऑक्सिजन सोडला आणि तो नवा जोड पेटला. आम्ही बाहेर पळालो. काका आत धावले, सिलिंडर बंद करायला. त्यांनी तो बंद केला म्हणून आम्ही चौघं आज धडधाकट आहोत. त्यांचा उजवा हात भाजला. तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत.

कॉलेजच्या चौकशीत सरांनी यादी बघितली, माझ्या सह्या ओळीने. मग फोटोत तेलाची वाटी दिसली. सगळ्यांना किती पटकन पटलं — पूजेचं तेल, म्हाताऱ्याचं बोट. काकांनी लावलं, असं मी म्हणाले नाही. मी काहीच म्हणाले नाही. माझं खोटं असं होतं, तोंड न उघडता बोललेलं.

हे काकांच्याही कानावर गेलं. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "चेडवा, मी हात धुतललंय मा गो?"

हात धुतले होते, हे त्यांना आठवत होतं. फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी —

"लक्षात नाही, काका."

त्यांनी मान हलवली. तेव्हापासून त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. गाळा सुटला. मला त्याच प्रोजेक्टच्या जोरावर अंधेरीत नोकरी लागली. लाज वाटते. नोकरी मात्र सोडली नाही.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला मालाडला त्यांच्याकडे गेले. आज सांगायचंच, असं ठरवून. काकी म्हणाल्या, हल्ली दिवसातून दहादा हात धुतात. मला पाणी द्यायला काका उठले, पण आधी मोरीत गेले. डाव्या हाताने आखडलेल्या उजव्या हाताला साबण लावला, बराच वेळ चोळला. बाहेर आले आणि दोन्ही ओले तळवे माझ्यापुढे धरले.

"बघ गो, साफ आसत."

मी हो म्हणाले. पाणी प्यायले. आपट्याची पानं त्या हातांवर ठेवली, नमस्कार केला आणि निघाले.