नवा गुडघा आणि हनोईचे रस्ते

कुवेतमध्ये माणूस फारसा चालत नाही. घरातून गाडीत, गाडीतून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून खुर्चीत. पाच महिने उन्हामुळे बाहेर चालण्याची सोय नसते आणि पुढचे सात महिने सवय नसते. आमच्या घरात याला एकच अपवाद होता, माझा नवरा. दर शुक्रवारी पहाटे साडेपाचला तीन मित्रांबरोबर तो समुद्राकाठी चालायला जायचा आणि आठच्या सुमाराला गरम खबूस, म्हणजे तिथली भट्टीतली रोटी, घेऊन घरी यायचा.

गेल्या जुलैत पुण्याला त्याचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता मनसोक्त चाला. पण सहा महिने उलटले तरी याचा शुक्रवार सोफ्यावरच. मित्रांचा मेसेज यायचा, "येतोस?" हा लिहायचा, "पुढच्या शुक्रवारी." एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मी हळू झालोय गं. त्यांना माझ्यासाठी थांबावं लागेल. मला ते नको."

दुखत असतं तर मी गोळी दिली असती. याला गोळी नव्हती.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लेबल नसलेली बाटली मला बघवत नाही आणि उपाय नसलेली तक्रार तर त्याहून नाही. ईदच्या सुट्टीसाठी मी हनोईची तिकिटं काढली आणि पहिल्याच दिवशी एका गाइडबरोबर पायी शहर बघायचं ठरवलं. सहा तास, आठ किलोमीटर. नवऱ्याला आधी फक्त तिकिटं दाखवली, किलोमीटर नंतर.

"आठ?" तो म्हणाला.

"मध्ये बसायला मिळेल. मी यादी केलीय."

"तुझ्या यादीत मी माणूस आहे की सॅम्पल?"

मग सराव. रुमैथियातल्या आमच्या घरापासून जवळच एक मॉल आहे. दुकानं उघडण्याआधी सकाळी तिथे चालणाऱ्यांना आत सोडतात. दीड महिना आम्ही तिथे फेऱ्या मारल्या. मी भराभर पुढे, तो मागे. फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं तसा तो मोजून पाऊल टाकायचा. टाच, मग चवडा. प्रत्येक पाऊल सारखं, ना लांब ना आखूड. मी एक फेरी जास्त मारून त्याला मागून गाठायचे आणि "चला, चला" म्हणायचे. आता वाटतं, ते म्हणायला नको होतं.

हनोईतल्या आमच्या गाइड बाई आमच्याच वयाच्या होत्या. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. हातात मिटलेली पिवळी छत्री, ती वर धरली की आपण त्यांच्या मागे जायचं. मी आधीच ईमेलवर पाठवलेली यादी त्यांनी छापून आणली होती. दर चाळीस मिनिटांनी बसणे, जिने नकोत, खुर्ची उंच हवी. त्यांनी ती वाचली, नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर, यातलं तुम्ही काय लिहिलंय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. मला राग आला, पण चालायला सुरुवात झाली होती.

पहिल्या पाच मिनिटांत कळलं की मॉलमधला सराव फुकट गेला. मॉलमध्ये सपाट गुळगुळीत फरशी. इथे फूटपाथवर मोटरसायकली लावलेल्या, त्यांच्यामध्ये कोणी भाजी निवडतंय, कोणी भांडी घासतंय. चालायचं ते रस्त्यावरूनच. पण काय गल्ल्या होत्या. एका गल्लीत फक्त कुलपं, दुसरीत बांबूच्या शिड्या, तिसरीत पत्र्याचे डबे ठोकणारे. पुण्याची तांबट आळी आणि बोहरी आळी शेजारी शेजारी ठेवून कोणी त्यांना लाल कंदील लावावेत, तसं. मी डब्यांपाशी रेंगाळले. नवरा शिड्यांपाशी. गुडघ्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

शहराच्या मधोमध असलेल्या तळ्याकडे जाण्यासाठी एक मोठा रस्ता ओलांडायचा होता. सिग्नल नव्हता. समोरून मोटरसायकलींचा लोंढा, त्यात खंड म्हणून नाही. मी खंड पडायची वाट बघत उभी राहिले.

"तो पडणार नाही," बाई म्हणाल्या. "उतरायचं आणि चालायचं. सावकाश, एकसारखं. धावायचं नाही, थांबायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल हे चालवणाऱ्याला कळलं पाहिजे. मग तो वळून जातो."

मी उतरले. तीन पावलं धावले, एक हॉर्न ऐकला, थबकले, उलटी वळले. एका मोटरसायकलवरच्या बाईने करकचून ब्रेक दाबला. तिच्या मागे बांधलेली संत्र्यांची टोपली हलली. मी परत फूटपाथवर. कुवेतमध्ये इतकी वर्षं काढली, पण रस्ता पायी ओलांडल्याचं मला आठवेना.

दुसऱ्यांदाही तेच झालं.

तेवढ्यात शेजारून कोणीतरी शांतपणे रस्त्यावर उतरलं. माझा नवरा. टाच, मग चवडा. दीड महिना मी ज्या चालीला हाकत होते, तीच चाल. मोटरसायकली त्याच्या पुढून गेल्या, मागून गेल्या, एकीचाही वेग कमी झाला नाही. कोणालाच त्याच्यासाठी थांबावं लागलं नाही. पलीकडे पोचून त्याने वळून बघितलं. मग तसाच, त्याच चालीने, परत आला.

"कशाला परत आलास?"

"सॅम्पल घ्यायला," तो म्हणाला आणि माझा हात धरला.

बाई म्हणाल्या, "मी पाहुण्यांना ही चाल शिकवते, त्यात अर्धा दिवस जातो. सर, तुम्ही कुठे शिकलात?"

त्याने पँटवरूनच गुडघ्यावर थाप मारली. "पुण्याला."

त्यानंतर त्या दिवशी आम्ही गरज नसतानाही रस्ते ओलांडले. तळ्यावरच्या लाल पुलाचा फोटो पलीकडून जास्त चांगला येतो म्हणून एकदा, मला लिंबू सरबत हवं होतं म्हणून एकदा, आणि एकदा तर त्याने कारणही सांगितलं नाही. मी डोळे मिटून त्याच्या दंडाला धरून चालत होते. मला हे फार आवडलं, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

चारच्या सुमाराला एका गल्लीत कॉफीला थांबलो. इथली कॉफी अंड्याचा गोड फेस घालून करतात. पण बसायला प्लास्टिकची स्टुलं, जेमतेम वीतभर उंच. एवढं खाली त्याला बसता येत नाही. मी विजयी मुद्रेने बाईंना म्हटलं, "म्हणून यादीत उंच खुर्ची लिहिली होती."

बाईंनी कॉफीवालीला काहीतरी सांगितलं. तिने पाच स्टुलं एकात एक अडकवून त्यांची चळत ठेवली, वर हात आपटून बघितला. नवरा त्या चळतीवर ऐटीत बसला. आम्ही खाली, तो वर. गल्लीतले लोक हसले, तोही हसला. मिशीला फेस लागलेला.

"फोटो काढ," तो म्हणाला. "पाय दिसू दे."

तो फोटो त्याने तिथूनच शुक्रवारच्या मित्रांना पाठवला. खाली काय लिहिलं ते मला दाखवलं: "या शुक्रवारी येतो. हळू चालेन, पण थांबणार नाही. तुम्हीही माझ्यासाठी थांबू नका, बाजूने जा."

हॉटेलवर मोबाइलने साडेनऊ किलोमीटर दाखवले. दीड किलोमीटर नुसते रस्ते ओलांडण्यात गेले असणार.

कुवेतला परतल्यावर शुक्रवारी मी उठले तेव्हा त्याचे बूट जागेवर नव्हते. साडेआठला तो खबूस घेऊन आला. पूर्वीपेक्षा अर्धा तास उशिरा. खबूस गरमच होते.