अंबिकाबाईंनी नाव घेतलं

जिल्हा कोर्टात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेल्या माणसाचा सहसा कशावर विश्वास बसत नाही. दत्तोपंतांचा तर मुळीच बसत नसे. साक्षीदार डोळ्यांतून पाणी काढायला लागला की ते चष्मा पुसायला घेत. पाणी खरं असेल तर चष्मा पुसून होईपर्यंत टिकेल, असा त्यांचा हिशेब. नाटक-सिनेमा म्हणजे त्यांच्या मते तिकीट काढून ऐकलेली खोटी साक्ष. आणि कार्टून? ज्यात साक्षीलासुद्धा माणूस उभा नाही, ते बघून हसणाऱ्या-रडणाऱ्यांना त्यांनी शहाण्यांत कधी धरलंच नव्हतं.

अंबिकाबाई त्यांच्या बायको, माहेरच्या पैठणच्या. पन्नासहून अधिक वर्षं संसार झाला, पण बाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. लग्नात एकदाच, पंगतीत बायकांनी अडवून धरल्यावर उखाण्यात घेतलं होतं, तेही इतकं घाईत की शेजारच्या पाटावर बसलेल्या दत्तोपंतांनाही नीट ऐकू आलं नाही. पुन्हा घे म्हणून सगळ्या मागं लागल्या, पण नवरीनं मान काही वर केली नाही. पुढं एकदा शिरगणतीवाला दारात आला. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं यजमानांचं नाव विचारलं, तर बाई आत गेल्या आणि भिंतीवरची दत्ताची तसबीर काढून घेऊन आल्या. त्या बिचाऱ्यानं चपला काढल्या, तसबिरीला हात जोडले आणि म्हणाला, "ते ठीक आहे वहिनी, पण यजमानांचं नाव?"

ही हकीकत दत्तोपंत कोर्टात चहाच्या वेळी हमखास सांगत. सांगताना सूर तक्रारीचा असे. बायको इतकी जुन्या वळणाची, करावं तरी काय, वगैरे. पण ऐकणारे कारकून काही दुधखुळे नव्हते. साहेब आज खुशीत आहेत, एवढं त्यांना बरोबर कळे.

मग म्हातारपणी बाईंना विसर पडायला लागला. आधी आमटीत मीठ दोनदा, मग गॅस उघडा, मग एकदा गुलमंडीत भाजीला गेल्या त्या सिडकोतल्या आपल्या घराची वाटच विसरल्या. रिक्षावाल्यानं अर्धं शहर फिरवून आणून सोडलं. डॉक्टरनं तपासलं. दत्तोपंतांकडं बोट करून विचारलं, "हे कोण?"

बाईंनी पदर सारखा केला. "आमचे हे."

"यांचं नाव काय?"

बाईंनी मान खाली घातली आणि हसल्या. डॉक्टरनं कागदावर फुली मारली. दत्तोपंत खुर्चीतून अर्धे उठले. "डॉक्टर, ही फुली खोडा. तिला येतंय. ती घेत नाही."

"काका, आठवत नसलं की पेशंट असेच हसतात."

"आठवत नसतं तर समोर आलं ते नाव ठोकून दिलं असतं की तिनं! नवऱ्याचं आहे हे ठाऊक आहे, म्हणूनच घेत नाही."

डॉक्टर तरुण होता. त्यानं वाद घातला नाही, फुलीही खोडली नाही.

त्या दिवसापासून दत्तोपंतांनी हेच एक धरून ठेवलं. बाई लेकीला, पद्मजाला, विसरल्या. फोनवर तिला 'कोण बोलतंय' म्हणाल्या, तेव्हा पुण्याला पद्मजा रडली. बाई स्वयंपाकघर विसरल्या, गणपती अथर्वशीर्ष विसरल्या. 'आमचे हे' म्हणणंही हळूहळू थांबलं. पण रोज सकाळी दत्तोपंत समोर बसून विचारत, "माझं नाव काय, सांग बरं." बाई बघत राहत, बोलत नसत. दत्तोपंत समाधानानं उठत. पद्मजा बजावून सांगे, "बाबा, रोज स्वतःचं नाव सांगा, तिच्याकडून घोकून घ्या." ते "बरं" म्हणत आणि करत नसत. मौनाला संमती मानावी की नाही यावर कोर्टात त्यांनी पुष्कळ वाद ऐकले होते. घरी मात्र त्यांनी मौनाला सरळ ओळख मानलं. अशी चूक करायला आपल्याकडचाच नवरा लागतो.

एकच त्रास होता. संध्याकाळ व्हायला लागली की बाई कासावीस होत. दार उघडून उभ्या राहत, आत चला म्हटलं तर हात झटकत. घरात कोंडल्यासारखं होतंय, हवा हवी असेल, असा दत्तोपंतांनी अर्थ लावला आणि दाराशी एक खुर्ची ठेवली.

बाईंना सांभाळायला सारजाबाई येत असे, सिल्लोडकडची. तोंडाचा पट्टा अखंड चालू. एकदा वेणी घालताना बाई ऐकेनात, तेव्हा तिनं टीव्हीवर काहीबाही दाबलं आणि कुठल्याशा परमुलखातलं एक कार्टून लागलं.

"बंद कर ते," दत्तोपंत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या ना काका. लई गुणाचं पिच्चर हाय. मारामारी नाय, गाणं नाय, काय बी नाय."

खरंच काय बी नव्हतं. कुणी बोलतसुद्धा नव्हतं. पेन्सिलीनं काढल्यासारखं एक गाढव, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. एक बदक, पंख मोडलेलं, पाण्यात कलंडणारं. गाढव रोज ओढ्याकाठी येई, गुडघे टेकून खाली बसे, बदक पाठीवर चढे आणि गाढव त्याला पलीकडं नेई. कधी वारा, कधी धुकं. मग बदकाचा पंख बरा झाला आणि थंडीत ते थव्याबरोबर उडून गेलं. दुसऱ्या दिवशी गाढव आलं. गुडघे टेकून बसलं. जरा वेळ थांबलं. मग सावकाश उठलं, पाठीवर कुणीतरी आहे असं जपत ओढा ओलांडून गेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आलं.

"अगं बाई," अंबिकाबाई म्हणाल्या, "कुणी नाही तरी बसलं."

कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून एवढं सरळ वाक्य आलं नव्हतं. दत्तोपंत उठले. नळाला पाणी आलंय का बघतो म्हणून ते गॅलरीत गेले. पाणी आलेलं नव्हतं. या शहरात नळ काय रोज येतो? ते नळाजवळ उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. थोरले भाऊ गेले तेव्हा ते रडले नव्हते. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. पाणी टिकलं.

मग ते रोज बघू लागले. बाईंना दर वेळी नवं, दत्तोपंतांना दर वेळी जुनं, आणि दोघंही शेजारी बसून त्याच जागी डोळे पुसत. एखादा नट असता तर दत्तोपंतांनी त्याला तिथल्या तिथं पकडलं असतं: हा आवाज काढतोय, हा तोंड वाकडं करतोय. पण दोन ठिपक्यांची उलटतपासणी करणार कशी? नटाला स्वतःचं तोंड असतं. ठिपक्यांना नसतं, म्हणून तिथं आपलं माणूस जाऊन बसतं. गाढवाच्या जागी आपण आहोत, हे शिरस्तेदारसाहेबांना कुणी सांगावं लागलं नाही. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात. या गाढवाला कळली, पण फार उशिरा, आणि गूळ संपत आल्यावर.

शेवटी पिक्चरमध्ये वसंत येई. थवा परत येई, त्यातलं एक बदक खाली उतरून गाढवाच्या पाठीवर चढे. तेच का दुसरं, ते सांगत नाहीत. "तेच आहे," दत्तोपंत रोज म्हणत.

एका दुपारी नळ आला होता, म्हणून घरात गडबड. सारजाबाई टाकी, बादल्या, पिंप भरत होती. पिक्चर संपला. अंबिकाबाई प्रसन्न दिसत होत्या. बदकांकडं बघत म्हणाल्या, "आमच्या पैठणला येतात अशी, धरणावर." दत्तोपंतांना आनंदानं काय करू नि काय नको झालं. तेवढ्यात बाईंनी पदर सारखा केला, जरा सरकून बसल्या आणि त्यांच्याकडं बघून अदबीनं विचारलं, "आपलं नाव काय म्हणालात?"

बादली घेऊन जाणाऱ्या सारजाबाईनं परस्पर सांगून टाकलं, "काकू, काकांचं नाव दत्तोपंत न्हाय का!"

"दत्तोपंत," अंबिकाबाई म्हणाल्या. स्पष्ट, मोठ्यानं, कुठं न अडखळता. "छान नाव आहे. बसा दत्तोपंत, चहा घेऊन जा. आमचे हे एवढ्यात येतील कोर्टातून. त्यांचीच वाट बघते मी रोज दाराशी."

सारजाबाईनं बादली तिथंच ठेवली. "काका! नाव घेतलं! काकूनं तुमचं नाव घेतलं! व्हय की नाय? ताईला फोन लावते!"

पन्नास वर्षं जे कानांवर पडावं असं त्यांना मनातून वाटत होतं, ते अखेर पडलं होतं. परक्या माणसाला हाक मारतात तसं. दत्तोपंतांनी हात जोडले. गॅलरीत पिंप भरून वाहत होतं आणि महामोलाचं पाणी मोरीतून चाललं होतं, पण नळ बंद करायला कुणी उठलं नाही.

थोड्या वेळानं पद्मजाचा फोन आला. "बाबा, आईनं नाव घेतलं म्हणे! मी म्हणत नव्हते, सराव केला की येतं?"

"हो. घेतलं."

"मग आवाज असा का? रडताय?"

"नाही गं. ते गाढवाचं कार्टून चालू आहे."

"तुम्ही आणि कार्टून?" पद्मजा हसली. तिला बरं वाटलं असावं. दत्तोपंतांनी तिचं हसू मोडलं नाही.

संध्याकाळी बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दत्तोपंतांनी कपाट उघडलं, कोर्टात घालायचा काळा कोट काढला. अंगाला तो फार ढगळ झाला होता. मागच्या दारानं जिना उतरून खाली गेले आणि पुढच्या जिन्यानं वर आले, अदालत रोडवरून घरी आलेल्या माणसासारखे, दमत दमत. दारात बाई उभ्याच होत्या. त्यांनी आधी कोटाकडं बघितलं. चेहरा उजळला. मग बाईंची नजर कोटावरून वर गेली, चेहऱ्यावर आली, आणि उजेड विझला.

"या दत्तोपंत," त्या म्हणाल्या. "ते अजून आले नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा कोट घातला. तिसऱ्या दिवशीही घातला. सारजाबाई पहिल्यांदा हसली, नंतर हसेनाशी झाली. त्या वेळेला ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसे, घासलेलीच पुन्हा घासे. अजूनही रोज ते खाली जातात, वर येतात. बाई कोटाकडं बघतात, मग तोंडाकडं बघतात, आणि परक्याला दाखवतात तशी दाराजवळची खुर्ची दाखवतात.

"बसा ना. येतीलच इतक्यात."

आणि दत्तोपंत बसतात.