चपलांपाशी बसणारा माणूस

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही सत्तावीस वर्षं काढली आणि त्यातले निम्मे शनिवार-रविवार पाहुण्यांना दिल्ली दाखवण्यात गेले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात खोली मिळाली नाही, की गावाकडच्या माणसांना आमचं घर आठवायचं. मग शनिवारी कुतुब, रविवारी लाल किल्ला, वेळ उरला तर एखादं मंदिर. डब्यांच्या पिशव्या नवऱ्याकडे, पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे. पुढे पुढे त्याला या जागांचा इतका वीट आला, की तो आत जाईनासाच झाला. सगळ्यांच्या पिशव्या, स्वेटर, देऊळ असलं तर चपलासुद्धा सांभाळत बाहेर बसायचा. "तुम्ही या बघून, मी आहे इथे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. परत निघताना माणसं मोजायचं कामही त्याचंच. बोट उचलून एकेकाला मोजायचा आणि विचारायचा, "सगळे आले ना? चलो."

तो निवृत्त झाला तेव्हा क्वार्टर सोडायला काही महिने होते. मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही दोघंच कधी कुठे गेलात, यार?" आणि तिनेच बँकॉकची तिकिटं काढून दिली. मला आनंद व्हायच्या आधी धास्तीच वाटली. मध्ये पाहुणे नसले तर आम्ही एकमेकांशी बोलणार काय? आमचं सगळं बोलणं 'बाटल्या भरल्यास का' आणि 'पुढे कोण बसतंय' यावर चालत आलेलं. निवृत्तीनंतरचे दिवस कसे जाणार आहेत ते या चार दिवसांत कळेल, असं मी मनाशी धरून बसले. कुणाला बोलले मात्र नाही.

त्याने निघायच्या आधी जेवणाच्या टेबलावर बसून कागद तयार केला. आठ वाजता निघणे, नऊला राजवाडा, साडेअकराला नदीपलीकडचं देऊळ. पाहुण्यांसाठी करायचा, अगदी तसाच. बघून मी भाजी चिरायला आत गेले.

बँकॉकच्या उकाड्यापुढे दिल्लीचा जून परवडला, तिथे निदान घाम सुकतो. पहिल्याच सकाळी नदीतल्या बोटीने राजवाड्याच्या धक्क्यावर उतरलो. तो आधी उतरला, पिशवी खांद्याला लावली, मागे वळला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "सगळे आले ना? चलो." माझ्यामागून कुणीतरी परकी माणसं उतरत होती. मला हसू आलं. त्याला मात्र आपण काय बोललो त्याचा पत्ताच नव्हता.

राजवाड्याच्या आवारात हिरव्या बुद्धाचं देऊळ आहे. बाहेर चपलांसाठी मांडण्या होत्या. मी चपला काढेपर्यंत हा सावलीची पायरी बघून बसलासुद्धा.

"तू ये बघून. मी आहे इथे."

"अरे, इथे कोण नेतंय चपला? सगळ्यांच्या तशाच पडल्यात बघ."

"राहू दे गं. पिशवी पण आहे."

मी एकटी आत गेले. एवढं मोठं देऊळ, सोन्याची एवढी उतरंड, आणि बुद्ध अगदी वर, मान मोडून बघावा तेव्हा दिसणारा. "इवलासा आहे रे," मी बाजूला वळून म्हटलं. बाजूला एक गोरी बाई होती. ती बिचारी हसली आणि मला जागा द्यायला थोडी सरकली. तिथे मला जो राग आला तो आजही आठवतो. बसलेल्या माणसांमधून वाट काढत मी तडक बाहेर आले.

मांडणीवरच्या माझ्या चपला त्याने उचलून आपल्या पायांशी ठेवल्या होत्या.

"मी काय पाहुणी आहे तुझी?" मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण दोघंतिघं वळून बघायला लागले.

त्याने माझ्या चपला जोडून सरळ केल्या. मग म्हणाला, "नाही गं. मला आता काही बघवतच नाही. दमलोय मी. बिल्कुल दमलोय."

"मग एवढ्या वर्षांत बोलला का नाहीस?"

"सगळे हौसेने यायचे. कुणाला सांगणार?"

"मला."

खरं तर मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. पाय भरून आले होते, मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. राग ओसरला आणि खाली नुसता थकवा उरला. "मला पण बुद्धाचं काही पडलेलं नाही," मी म्हटलं. "मला तुझ्याबरोबर बघायचा होता."

वाकून त्याने स्वतःच्या सँडल काढल्या, माझ्या चपलांसकट मांडणीवर ठेवल्या आणि आत जाताना दोनदा मागे वळून त्या आहेत ना ते पाहिलं.

आत लोक पाय मागे दुमडून बसले होते, तसे आम्ही बसलो. त्याचे गुडघे वाजले. मग त्याने वर पाहिलं.

"अच्छा. एवढासाच?"

"मी पण मघाशी तेच म्हटलं."

एवढंच बोलणं झालं. पण आम्ही पुष्कळ वेळ बसलो. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी उठावंसं वाटेना. नदीपलीकडच्या देवळाची वेळ कधीच टळून गेली होती. त्याने कागद खिशातून काढला नाही, मीही आठवण केली नाही.

दुपारी बोटीने परत आलो. हॉटेलजवळच्या धक्क्यावर तो नेहमीसारखा आधी उतरला, पिशवी खांद्याला लावली आणि सवयीने मागे वळून बोट उचललं. "एक," म्हणाला आणि पुढे मोजायला कुणी दिसेना तसा थांबला. सत्तावीस वर्षं तो असाच माणसं मोजत आला होता आणि त्या मोजणीत तो स्वतः कधीच नव्हता. हे आजवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

"दोन," मी म्हटलं. "स्वतःला धर की."