तेच पान

डोणगावात बंद पडलेल्या पंपाची मोटर प्रेमानंदकडे टाकली की माणूस निर्धास्त घरी जायचा. आतली वायर कुठे जळली, ते तो बरोबर हुडकायचा. बायकोच्या बाबतीत मात्र या शहाण्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

त्याची बायको महामाया शाळेत बाई होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा मान तिचा. चाळिशीच्या आतच मल्टिपल स्क्लेरोसिसने तिचे पाय गेले, नोकरी गेली. मेंदूवर घाला घालणारा हा आजार, पण तिचं वाचन खणखणीत राहिलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी प्रेमानंदला समजावलं होतं, "पूल वाहून गेला की लोक पांदणीने जातात ना? आयुष्यभर वाचणाऱ्यांच्या मेंदूत अशा आडवाटा जास्त असतात. म्हणून आत नुकसान झालं तरी बरेच दिवस वरून कळत नाही. पण त्या वाटाही संपतात, आणि मग माणूस झपाट्याने खचतो. दर वर्षी एमआरआयला आणा."

प्रेमानंदने सोयीचं तेवढंच ऐकलं. "आमच्या हिच्या डोक्याले काही होत नाही, डॉक्टरच म्हनले," असं गावभर सांगत सुटला आणि दोन वर्षं अकोल्याला फिरकलाच नाही. रोज तो तिला उचलून विहारात बसवायचा, दुकानात परत जायचा आणि वाचन संपता संपता न्यायला यायचा. दारातूनच सगळ्यांची "साधू, साधू, साधू" ही दाद ऐकून त्याची छाती फुगायची.

यंदा भादव्यात शेजारच्या चांगुणाआजीने त्याला विहाराबाहेर गाठलं.

"प्रेमानंद, लय दिवस झाले, बाई रोज तेच पान वाचून राह्यली. काल वाचलेलं तिच्या ध्यानात नाही राहत."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तू दारात येऊन इतका खुश दिसे बापा. कोनाची जीभच उचलली नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो तिला घेऊन निघाला.

अकोल्यात मेंदूच्या नव्या फोटोत पांढरे डाग कितीतरी वाढलेले निघाले. "मागच्या वर्षी आणलं असतं तर?" त्याने विचारलं.

"औषध बदललं असतं. कदाचित फरक पडला असता. नक्की नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले. ते 'कदाचित' त्याच्या मानगुटीवर बसलं, ते आजतागायत उतरलेलं नाही.

परतल्यावर संध्याकाळचं दुकान त्याने बंदच केलं. महामायाला बसवलं की तोही पुढे बसायचा, सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचा. खोटं बोलणार नाही, हे चौथं शीलही म्हणायचा. मग ती वाचायची. काय तो आवाज! कुठे अडखळणं नाही, शब्द न शब्द स्वच्छ. आणि पान तेच.

एका संध्याकाळी ती मध्येच थांबली. ओळीवर बोट ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. पार भेदरली होती.

"अहो, हे मी काल वाचलं होतं का?"

शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराला या बाईने कधी सोडलं नव्हतं.

"नाही वं," प्रेमानंद म्हणाला. "आजच वाचून राह्यली तू."

तिचा चेहरा निवळला. ती पुढे वाचू लागली, आणि वाचन संपलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच "साधू" म्हणाला.