दत्तूचं कार्ड आणि आम्ही भाव करणारे

दत्तू साळवे गेल्याचं मला त्याच्या भाच्याकडून, गणेशकडून कळलं. शिरूरहून फोन आला, "सर, मामा गेले सकाळी." कसे गेले, म्हणून विचारायला मी तोंड उघडलं. चाळीस वर्षांची दोस्ती... पण गणेशला तेवढीही सवड नव्हती. त्याचं दुसरंच वाक्य होतं, "ते कार्ड मामींनी कुठं ठिवलंय, ठाव हाय का तुमाला?" माणूस अजून घरातून हलला नव्हता आणि याचा हात कपाटात शिरला होता. मला किळस आली. पण त्या कपाटाची वाट त्याला मीच दाखवली होती, हे आधीच सांगून टाकतो.

दत्तू दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर आणि संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर फुटबॉलचा गोलकीपर. मी शाळेतला पी.टी.चा मास्तर, शिट्टी माझ्याकडे. त्या संघात एका इंजिन ड्रायव्हरचा मुलगा होता, फ्रान्सिस. डाव्या कडेला, लेफ्ट आउटला खेळायचा. तसा डावा पाय मी पुन्हा पाहिला नाही. पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं आणि तिथून फ्रान्सिसने दत्तूला पत्रातून एक कार्ड पाठवलं. एका परदेशी खेळाडूचं रंगीत चित्र, मागे चार ओळी छापलेल्या. 'हा माझ्यासारखा खेळतो,' असं पत्रात लिहिलं होतं. दत्तूने ते कार्ड रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं. वर्षं गेली. तसलंच कार्ड, जुनी कार्डं जमवणाऱ्यांच्या लिलावात, मोठ्या किमतीला विकलं गेल्याचं मी मोबाईलवर पाहिलं आणि मांडवगणच्या एका लग्नात, आपल्याला किती कळतं हे दाखवायला, गणेशच्या कानावर घातलं. गणेश सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर. आठ दिवसांत पुण्याचा एक जाणकार घेऊन तो दौंडला हजर. मीही गेलो. माझ्याशिवाय तमाशा कसा रंगणार!

त्या जाणकाराने पांढरे हातमोजे चढवले. सुमनवहिनींच्या, म्हणजे दत्तूच्या बायकोच्या, स्टुलावर दिवा मांडला. चारही बाजूंची कोरी पट्टी मोजली, कोपरे भिंगाखाली धरले, कागद तिरका करून घडी शोधली. लोक मागतात ती किंमत धरायची नाही, खरोखर विकलं गेलं ती धरायची, असं आम्हाला शिकवलं. मी मुंडी हलवत होतो, जणू जन्मभर हाच धंदा केलाय. शेवटी तो म्हणाला, एक कोपरा बोथट आहे, पण कार्ड अस्सल आहे. आणि आकडा सांगितला. सणसवाडीत दोन खोल्या उभ्या राहतील एवढा. गणेशने तो मोबाईलवर टिपून घेतला.

दत्तूने विचारलं, "सायेब, ह्यो गडी कंच्या पायानं खेळायचा?"

"ते किमतीत धरत नाहीत, काका."

"धरत न्हाईत व्हय?" दत्तू हसला. तसं हसणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. त्याने कार्ड उचललं, माझ्या खिशातलं बॉलपेन काढलं आणि कार्डाच्या पाठीवर दाबून लिहिलं... फ्रान्सिस. लेफ्ट आउट. दौंड. "आता काढा भाव." जाणकाराने दिवा विझवला, मोजे उतरवले, म्हणाला, आता हा नुसता कागद. "पयला बी कागदच व्हता," दत्तू म्हणाला. गणेश पाय आपटत गेला. मला मात्र दत्तूने सोडलं नाही. त्यानंतर जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा खुर्ची पुढे करून तो हेच विचारायचा, "बोला मास्तर, आज काय भाव?" त्याने मला माफ केलं नाही, आणि योग्यच केलं.

दहावा झाला त्या दिवशी गणेशने कार्ड शोधलं. कंपनीतलं थिनर लावून शाई पुसायला गेला. शाई पसरली, खालची छपाईही निघाली. असल्या माणसाला काय म्हणायचं? हे सगळं मी गेल्या आठवड्यात सुमनवहिनींना त्यांच्या घरी बसून सांगत होतो. दत्तू आम्हा सगळ्यांच्या तोंडावर कसा थुंकला, हे जरा रंगवूनच. त्या तांदूळ निवडत होत्या.

"गुरुजी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्या दिवशी च्या कुनी क्येला?"

"तुम्ही केलात."

"मंग मला कुनी इचारलं? बत्तीस वर्सं हितं भाड्यानं ऱ्हाते. पावसाळ्यात हातरूण गुंडाळून बसते. तुमी भाव केला, त्येंनी लिवलं. मी च्या दिला."

मी चपला घालून बाहेर पडलो. मागे आतून कडी लागली आणि मग ती ओढून बघितल्याचा आवाज आला, एकदा... आणि पुन्हा एकदा. दत्तू रोज तसंच करायचा. गोलकीपरचा एकाच हाताच्या पकडीवर विश्वास नसतो, म्हणायचा. वहिनी हसायच्या तेव्हा त्याला. आता त्याच कडी ओढून बघतात.