सभेत नेलेलं कबूतर

कबुतराच्या अंगावरची माशी माणसाला शोधत येत नाही. एवढी साधी गोष्ट मला आमच्या सोसायटीतल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या गळी उतरवता आली नाही, आणि त्यापायी माझी कबुतरं गेली. मी आयुष्यभर माल विकला आहे. मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यांना रबराचे सुटे भाग विकले, तिथल्या खरेदीच्या साहेबांशी तासन्‌तास घासाघीस केली, टेबलावर हात आपटून उठलो आणि दारातून परत बोलावला गेलो. पण हे एक खरं मला खपवता आलं नाही.

माझे वडील फौजेत हवालदार होते. आमचं बालपण दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये गेलं. कुंपणापलीकडच्या गावात संध्याकाळी छतांवरून कबुतरांचे थवे उठायचे आणि मी भिंतीवर चढून बघत बसायचो. क्वार्टरमध्ये काही पाळायला परवानगी नव्हती. तेव्हाच ठरवलं होतं, स्वतःचं छत झालं की पहिल्यांदा कबुतरं आणायची.

ते छत मिळालं दिल्लीतल्याच द्वारकेत, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीतल्या काही मराठी कर्मचाऱ्यांनी मिळून सोसायटी काढली होती आणि तिचे सेक्रेटरी होते माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान. मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होते. सगळ्यात वरचा मजला कुणालाच नको होता. उन्हाळ्यात तापतो, पाणी चढत नाही, लिफ्टचा भरवसा नाही. मी म्हटलं, मी घेतो, पण गच्चीवर खुराडं बांधू द्यायचं.

दाजी हसले. "बांध रे बाबा. तुझ्या कबुतरांचा कुणाला त्रास व्हायचाय?"

दुसरा कुणी असता तर मी त्याच जागी कागद पुढे केला असता. सही घेतल्याशिवाय मी कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही. पण बहिणीच्या नवऱ्याकडे सही मागायची नसते, त्याच्याशी घासाघीस करायची नसते, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नसतो. आमच्या घरात हे कुणी शिकवलं नाही, ते होतंच. जन्मातला तो एकच सौदा मी तोंडी केला.

पहिली जोडी जामा मशिदीजवळच्या बाजारातून आणली. विकणाऱ्याने पांढऱ्याशुभ्र नराचं कौतुक सुरू केलं, तसा मी त्याचा पंख उलटा धरून पिसांवर फुंकर मारली. एक तपकिरी, चपटी माशी खेकड्यासारखी तिरकी पळत पिसांखाली शिरली.

"ये क्या है, मियाँ? मक्खी भी साथ में बेच रहे हो?"

"मक्खी तो कबूतर का गहना है, साहब. जिसके नहीं है, समझो वो बीमार है. बीमार को मक्खी भी छोड़ जाती है."

त्या माशीच्या नावावर मी भाव पाडून घेतला, पण त्याचं म्हणणं लक्षात ठेवलं. पुढे कळलं, ते पुष्कळसं खरं होतं. ही माशी पिसांच्या आतच राहते. नर आणि मादी दोघंही रक्त पितात, दिवसातून अनेकदा. पंखाखाली, जिथे पिसं विरळ असतात तिथे त्यांची बैठक. नुसते पिसांचे कोंब फुटलेली पिल्लं त्यांना सगळ्यात आवडतात, कारण ती पळू शकत नाहीत आणि चोचीने अंग खाजवायलाही अजून शिकलेली नसतात. पक्षी मेला आणि अंग गार पडू लागलं की माश्या उठतात आणि दुसरं ऊबदार कबूतर शोधतात. माशीची मादी अंडी घालत नाही. पोटातच वाढवलेली अळी घरट्यात टाकते, तिचा काळ्या मण्यासारखा कोष होतो आणि काही आठवड्यांनी त्यातून भुकेली माशी निघते. म्हणून मी दर रविवारी खुराडं खरवडून काढायचो, जुनं गवत जाळायचो, काळे मणी वेचून आगीत टाकायचो. माझ्या बायकोने स्वयंपाकघरसुद्धा इतकं घासलं नसेल.

चार-पाच वर्षं काही तक्रार नव्हती. मग एसी आले.

आमची इमारत बांधताना कमिटीने फार पुढचा विचार केला होता. प्रत्येक बेडरूमच्या भिंतीत एसीसाठी चौकोनी जागा सोडली होती. तेव्हा एसी कुणाकडेच नव्हता, सगळे कूलरवाले. पण पुढे येणार म्हणून जागा हवी. आतून प्लायचा तुकडा ठोकून बंद, बाहेरून उघडी. दाजी पाहुण्यांना ती भोकं अभिमानाने दाखवायचे. त्या प्रत्येक भोकात रानटी कबुतरांनी घरं केली. माझ्या पांढऱ्या कबुतरांशी त्यांचा काही संबंध नव्हता. वर्षानुवर्षं तिथे काड्या, विष्ठा, पिसं आणि काळे मणी साठत गेले. माश्यांना कबुतरं मिळत होती तोवर प्लायच्या अलीकडे झोपलेल्या माणसांना काही कळलंच नाही.

मग पगार वाढले, हप्त्यावर एसी मिळू लागले. एकेका घराने प्लाय काढला, घरटं खाली ढकलून दिलं, पिल्लं असली तर पिल्लांसकट, आणि तिथे एसी बसवला. मागे राहिलेले कोष फटींतून फुटले. निघालेल्या माश्यांना कबूतर सापडेना. समोर होती गादी आणि गादीवर माणूस.

लोक चावे दाखवत दाजींकडे जाऊ लागले. कुणाच्या मानेत माशी, कुणाच्या केसांत. एकीने ती कागदात पकडून आणली आणि कुणीतरी म्हटलं, अरे, ही तर कबुतरांवरची. झालं. कबुतरं कुणाची? माझी.

मी प्रत्येक मजल्यावर जाऊन समजावलं. "अहो, ज्यांच्याकडे एसी बसला त्यांच्याकडेच माश्या का? तुमच्या शेजाऱ्याने अजून प्लाय काढला नाही, त्याला का नाही चावत? आणि मी तर खुराड्याला खेटून राहतो, मला का नाही?" एक गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला सवय झाली असेल, यार." माझा तोल गेला. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेही सोसायटीच्या फायलीत जमा झालं.

वार्षिक सभेत विषय आला. दाजी अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. ताई बायकांच्या रांगेत, नजर खाली.

आता मी व्यापारी माणूस. नमुना दाखवल्याशिवाय मी बोलत नाही. कारखान्यात गेलो तर खिशातून रबराची रिंग काढून टेबलावर ठेवतो, ताणून दाखवतो, मग तोंड उघडतो. तसाच मी सभेत गेलो, माझा सगळ्यात चांगला नर हातात घेऊन. म्हटलं, बघा, पंख उघडून बघा, किती स्वच्छ ठेवतो मी.

"अरे, हे काय? सभेत पक्षी?" अध्यक्ष म्हणाले.

"हात लावून बघा ना. तुमच्या उशीपेक्षा स्वच्छ आहे."

लोक हसले. मी पंख ताणला. आणि त्या पंखाखालून एक माशी उठली.

कितीही झाडलं तरी एखादी राहतेच. पक्षी हाताळला की ती उडते. ती टेबलावरून गेली, अध्यक्षांच्या कपाळावरून गेली, पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळून उठल्या, खुर्च्या पडल्या. हॉल माणसांनी खचाखच भरलेला, उघड्या माना, उघडे दंड, उकाड्याने घामेजलेले. माशीने त्या सगळ्यांवरून एक चक्कर मारली आणि सरळ परत येऊन माझ्या हातातल्या कबुतराच्या मानेत शिरली.

मी ओरडलो, "बघितलंत? बघितलंत का? चावली कुणाला? एवढी माणसं सोडून कुठे गेली? हेच तर सांगतोय मी केव्हापासून!"

कुणी बघितलंच नव्हतं. सगळे साड्या झटकत होते. माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा त्यांच्या डोक्यावरून उडत गेला आणि त्यांना दिसली फक्त माशी.

गोंधळ थांबल्यावर दाजी शांतपणे म्हणाले, "आता चर्चेची गरज उरली नाही. कबुतरं हलव."

"दाजी, तुम्ही शब्द दिला होता."

"मी शब्द कबुतरांना दिला होता. माश्यांना नाही." हॉल पुन्हा हसला.

दुसऱ्या कुणाची कॉलर धरली असती. पण हातात कबूतर होतं आणि समोर दाजी होते. मी मुदत मागितली, पिल्लं उडती होईपर्यंत. तेवढी त्यांनी उदारपणे दिली.

नजफगडकडच्या एका कबूतरबाजाने सगळी नेली. जाणती कबुतरं नव्या जागी राहत नाहीत, म्हणून त्याने त्यांचे पंख कातरले. पिसं पुन्हा आल्यावर काही उडून परत आलीच. खुराडं पाडलेलं होतं. ती उन्हात पाण्याच्या टाकीवर बसून राहिली. दाजींचा निरोप आला, आणि मीच त्यांना एकेक करून पकडून पुन्हा नजफगडला पोचवलं. पकडायला त्रास पडला नाही. हाक मारली की हातावर येत होती.

माश्या गेल्या नाहीत. जसजसे एसी वाढले तसतशा वाढल्या. दाजी म्हणायचे, त्याच्या कबुतरांचे अवशेष आहेत.

मग त्यांच्या स्वतःच्या बेडरूममध्ये एसी आला. मोठ्या माणसाला भोक साफ करून घ्यायला वेळ नसतो. बसवणाऱ्याने घरटं ढकललं आणि मशीन ठोकून निघून गेला. दोन-तीन आठवड्यांनी ताई वर आली. दंडावर लाल गांध्या. दाजी ऑफिसला गेले होते.

"तू म्हणत होतास ते बरोबर होतं," ती म्हणाली. "एसी उतरवून आतलं काढायला लागेल ना? तुला येतं सगळं. ते संध्याकाळी यायच्या आत करून देशील?"

"देतो. दाजींनी पुढच्या सभेत सांगायचं, माश्या भोकांतल्या होत्या."

"ते नाही सांगणार, तुला माहीत आहे."

"मग निदान मला येऊन सांगू देत. चार भिंतींत."

"अरे, त्यांना कळूच द्यायचं नाहीये की तू आला होतास."

मी म्हटलं, "मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलाव."

"माझ्याशीपण सौदा करतोस?"

"तुझ्याशी नाही. तुझ्या घराशी."

ती दारातच गांध्या खाजवत होती. मग पदर दंडावर ओढून जिन्याने खाली गेली. लिफ्ट बंद होती. एसी उतरवायला मला अर्धा तास लागला असता. अवजारं घरातच होती. मी गेलो नाही. आजही कुणी विचारलं तर सांगेन, एक वाक्य मागितलं होतं, फुकट मागितलं नव्हतं.

पेस्ट कंट्रोलवाले आले, फवारून गेले, पुन्हा आले. ताई त्यानंतर वर आली नाही. सणावाराला फोन करते, मुलांची चौकशी करते, दाजी बरे आहेत म्हणते. माश्यांचं काय झालं ते मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.