दहा कोटी तीस लाख पन्नास हजार सातशे तीन

माझं लग्न एका आकड्यावर अडलं होतं. लोक हसतात ऐकून. हसू देत. शहागंजातल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या पाटीवर तो लिहिलेला असायचा: १०,३०,५०,७०३.

माझे वडील, अण्णा, गणिताचे मास्तर. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले, पोलीस ॲक्शननंतर मराठीत शिकवू लागले. पण ज्या संख्येला कशानंच भाग जात नाही तिला शेवटपर्यंत 'मुफरद'च म्हणायचे. संख्या फोडणं हा आमच्या घरचा खेळ. थोरले काका गंगापूरला शेती बघायचे, त्यांनाही याचं लई वेड.

मी मॅट्रिक झाले आणि काका स्थळ घेऊन आले. अण्णांनी पाटी पुढं केली.

"दादा, हा मुफरद आहे. तुम्ही फोडाल त्या दिवशी पोरीचं लग्न ठरवू. तोवर ती शिकंल. तेरापर्यंत मी पाहिलंय."

काकांची पैज म्हणजे पैज. अण्णांच्या शब्दावर त्यांनी सतरापासून सुरुवात केली. पेरणी-काढणी सांभाळून भागाकार करायचे, एसटीनं यायचे आणि टेकायच्या आधी सांगायचे, "सत्त्याण्णवनं पण नाय जात." मी मात्र कॉलेजात जाऊ लागले होते. फार सुखाचे दिवस होते ते.

दुसऱ्या वर्षाला सरांनी सातची कसोटी शिकवली. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे, मग आलटूनपालटून बेरीज-वजाबाकी. यात नवीन ते काय, अण्णांनी मला लहानपणीच शिकवलेली. फक्त अण्णा गट पाडायचे ते स्वल्पविराम बघून. आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम हो! शेवटचा गट तेवढा तीनचा, बाकीचे दोन-दोनचे. मी पाटीवरचा आकडा वहीत उतरवला. सरळ सातनं भागलं. बाकी शून्य. इतक्या दिवसांत दोघा शहाण्यांपैकी एकानंही सातनं नुसतं भागून पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी काका नवं स्थळ सांगायला यायचे होते. गप्प बसले असते तर शिक्षण वाचलं असतं, पण अण्णांपासून आकडा लपवणं मला जमणारं नव्हतं.

"अण्णा, सातनं जातो."

त्यांनी पाटी खाली घेतली, भागाकार केला. चेहरा एकदम उतरला. "ह्याच्या भरवशावर ठेवलं होतं मी तुला," म्हणाले. मला रडू फुटलं. शिक्षण सुटणार म्हणून, आणि त्याहून जास्त त्यांचा तो चेहरा बघवेना म्हणून.

तेवढ्यात दारात काकांच्या वहाणा वाजल्या. अण्णांनी भागाकार पुसला. मग आकड्यातला शेवटचा तीनसुद्धा अंगठ्यानं पुसला, तिथं सात लिहिला आणि पाटी खिळ्याला अडकवली.

काकांना पाटी मोठ्यानं वाचायची सवय. "दहा कोटी तीस लाख पन्नास हजार सातशे..." आणि थांबले. जुना आकडा त्यांना तोंडपाठ होता. अण्णा खाली मान घालून बसलेले. काकांनी माझ्या रडलेल्या डोळ्यांकडं पाहिलं.

"सात," ते म्हणाले. मग आईला चहा टाकायला सांगितला आणि अण्णांकडं न बघता म्हणाले, "लई चिवट हाय रे हा. शिकू दे पोरीला."

पुढं मी जन्मभर गणित शिकवलं. ती पाटी आता माझ्या घरी आहे. तिच्यावरच्या आकड्याला मी अजून कशानंही भागून पाहिलेलं नाही.